माझ्या ब्रोमेलियाडवरची कीड: परभणीतलं एक वर्ष

माझ्याकडं तीन ब्रोमेलियाड होती: एक एकमिया, एक ग्युझमानिया आणि एक निओरेगेलिया. गेल्या वर्षी दसऱ्याला भावानं पुण्याहून येताना गाडीत मागच्या सीटच्या पायाशी उभी करून आणली. आता दोन उरलीत, आणि एक पिल्लू. गेलं ते किडीनं गेलं नाही. त्याच्यावर मी जे औषध मारलं त्यानं गेलं. ते मला अजून लागतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. आपल्याकडं ही झाडं आता बऱ्याच नर्सऱ्यांत दिसतात, लोक हौसेनं घेतात. पण त्यांच्यावर काय पडलं की काय करायचं, हे मराठीत सांगणारं मला तरी कुणी भेटलं नव्हतं.

ही अननसाच्या कुळातली झाडं. अननसाचा शेंडा डोळ्यांसमोर आणला की ठेवण लगेच कळते. पानं एकमेकांत गुंतून मधे पेला तयार होतो आणि त्या पेल्यात पाणी साठतं. मूळ अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली ही मंडळी, त्यातली बरीचशी तिथं मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. मुळांचं काम मुख्यतः धरून ठेवायचं, पाणी आणि खाणं पानं घेतात. हे मी सुरुवातीला नुसतं वाचलं होतं. त्याचा अर्थ पुढं कळला, तोही झाड गमावून.

पहिली गडबड एकमियापासून झाली. एकमियाच्या पानावर रुपेरी पांढरी भुकटी असते, आडवे पट्टे असल्यासारखी. आमच्या सासूबाई रोज सकाळी देवपूजा झाली की गॅलरीत येतात. परभणीची धूळ तुम्हाला माहीत आहे, दोन दिवस पुसलं नाही तर खिडकीवर बोटानं नाव लिहिता येतं. त्यांना वाटलं धूळच आहे. ओल्या फडक्यानं त्यांनी एक पान बुडापासून टोकापर्यंत मायेनं पुसून काढलं. पान हिरवंगार दिसायला लागलं, त्या खूश झाल्या. मला मात्र उलटीच शंका आली, की हा बुरशीचा थर असणार आणि बाकीच्या पानांवरूनही काढायला हवा. मी दुसरं पान नखानं खरवडलं. भुकटी निघाली, नखाची रेघ उमटली. ती रेघ आजही त्या पानावर आहे.

ती भुकटी म्हणजे झाडाचे स्वतःचे बारीक खवले. पानावरचं पाणी तेच शोषून घेतात आणि उन्हाचा तडाखाही तेच सोसतात. एकदा निघाले की त्या पानावर पुन्हा येत नाहीत. म्हणून पांढरं दिसलं की फडकं उचलायच्या आधी ते पांढरं नेमकं काय आहे हे बघायचं. आमच्या घरात पांढऱ्याचे तीन प्रकार निघाले. एक ही भुकटी, ती पानभर सारखी पसरलेली असते, पट्ट्यापट्ट्यांत. दुसरा क्षार. आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला कडं जमतं. तेच पाणी पेल्यात घातलं तर पाणी आटलं तिथं पांढरी रेघ उमटते, बोटाला खरखरीत लागते, आणि लिंबाच्या रसात बुडवलेला कापूस फिरवला की विरघळते. तिसरा प्रकार कापसासारखा, पुंजक्या पुंजक्यानं, आणि तो नेहमी लपलेला. तो नंतर भेटला.

क्षाराचा उपाय सोपा होता. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी एका ड्रममध्ये धरून ठेवायला लागले. साधारण माघापर्यंत ते पुरतं, त्यानंतर पिण्याच्या फिल्टरचं अर्धा ग्लास. फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते मात्र चुकूनही नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. आमच्याकडं ते पाणी वाया जाऊ नये म्हणून सगळे झाडांना घालतात. गॅलरीतल्या कोरफडीला चालत असेल, या पेल्यात नाही चालत.

डिसेंबरात ग्युझमानियाच्या पानांवर काळे ठिपके दिसले. खालच्या अंगाला जास्त, बुडाशी दाट. खसखशीच्या दाण्याएवढे, गोल, एकसारखे काळे. लांबून बघितलं तर माशा बसून घाण करून गेल्या असं वाटावं. इंग्रजीत या किडीचं नावच तसं आहे, फ्लायस्पेक स्केल, म्हणजे माशीची शीट. पण तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. ठिपके म्हणजे करपा, करपा म्हणजे बुरशी, हे शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळं डोक्यात पक्कं बसलेलं. मोबाइलमध्ये फोटो काढला आणि एका कृषी सेवा केंद्रात दाखवला. दुकानदारानं फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी दिली. लिटरला अडीच ग्रॅम. फळबागांत, भाजीपाल्यात ठिपके आले की हेच देतात आणि तिथं ते बरोबरही असतं. झाड कोणतं आहे हे त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी फवारलं. पानांवरून ओघळ खाली आले आणि पेल्यात निळसर हिरवं पाणी साठलं. निओरेगेलियावरही तुरळक ठिपके होते, पण अंधार पडला म्हणून ती राहिली. त्या अंधारानं एक झाड वाचवलं.

आठवड्यानं ग्युझमानियाच्या पानांची टोकं तपकिरी झाली. मला वाटलं थंडी आहे. पंधरा-वीस दिवसांनी मधलं कोवळं पान फिकट दिसलं म्हणून हलकंच ओढलं, आणि ते अलगद हातात आलं. बुडाला पान काळपट, चिकट, नासक्या पालेभाजीसारखा वास. त्याच्या शेजारचंही आलं. मग तिसरं. पेल्याच्या तळाशी गाभाच उरला नव्हता. आणि बाहेरच्या पानांवरचे काळे ठिपके होते तिथंच होते, एकही कमी नाही.

ब्रोमेलियाडला तांबं सोसत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड, मोरचुदाचं बोर्डो मिश्रण, तांब्याची तार, काहीच नको. दुसऱ्या झाडाच्या पानावरून औषध ओघळून जमिनीत जातं. इथं ते थेट पेल्यात, कोवळ्या गाभ्यात जाऊन थांबतं, आणि पान ते पाण्याबरोबर पितं. हे कळल्यापासून सासूबाईंच्या तांब्याच्या तांब्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी आम्ही तुळशीला घालतो, यांना नाही. जस्ताच्या पत्र्याच्या कुंडीतही ठेवत नाही.

झाड फेकताना मी बराच वेळ गॅलरीत बसून होते. शेजारचा मुलगा इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीला आहे. तो जिन्यातून जाताना थांबला. "काकू, काय झालं?" म्हणाला. मी पान दाखवलं. त्यानं दप्तरातून घडीचं भिंग काढलं, दहापट मोठं दाखवणारं, आणि म्हणाला, "काकू, टाचणी आहे का?"

ती पाच मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. त्यानं पान उन्हाकडं तिरपं धरलं, भिंग डोळ्याला टेकवलं आणि टाचणीच्या टोकानं एक काळा ठिपका कडेनं उचकटला. ठिपका झाकणासारखा उघडला. मग भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाखाली पिवळसर, मऊ, ओलसर थेंब होता. पाय नाहीत, डोळे नाहीत. टाचणी लागताच तो फुटला आणि पानावर ओल पसरली. "बुरशी नाही काकू, खवले कीड आहे," तो म्हणाला. "वरचं काळं तिचं कवच. आत ती सोंड खुपसून बसलेली असते. एकदा बसली की मादी हलत नाही." बुरशीचा डाग पानाच्या आत असतो, नखानं निघत नाही. हा ठिपका पानावर बसलेला असतो, नखानं निघतो. एवढा साधा फरक. तो मला डिसेंबरात माहीत असता तर ग्युझमानिया आज गॅलरीत असती.

पिल्लं मात्र हलतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस रांगत जागा शोधतं, मग बसतं आणि कवच धरतं. ती पिवळी, धुळीच्या कणाएवढी असतात. भिंगातून बराच वेळ एका जागी बघितलं की एखादा कण सरकताना दिसतो. फवारा लागू पडतो तो या रांगत्या पिल्लांवर. कवचाखालच्या मादीवर वरवरचं औषध फारसं चालत नाही. म्हणून एकदा करून भागत नाही, दर आठ-दहा दिवसांनी तीनदा तरी करावं लागतं, म्हणजे मधे जी नवी निघाली तीही सापडतात.

निओरेगेलियावर मी असं केलं. पेल्यातलं पाणी झाड उलटं करून काढून टाकलं. लिटरभर कोमट पाण्यात अर्धा चमचा लहान मुलांचा शाम्पू. लहान बाळाचा मऊ टूथब्रश. एकेक पान डाव्या हाताच्या तळव्यावर आडवं घेऊन, बुडाकडून टोकाकडं, दोन्ही अंगांनी घासलं. पानांच्या बेचक्यात ब्रश जात नाही, तिथं इअरबड. पाऊण तास लागला एका झाडाला. मग साध्या पाण्यानं धुऊन उलटं टांगून निथळू दिलं, पेल्यात साबणाचं पाणी राहता कामा नये. निओरेगेलियाचं पान गुळगुळीत असतं म्हणून ब्रश चालला. एकमियाच्या रुपेरी पानावर ब्रश मारला असता तर सगळी भुकटी गेली असती. तिथं फक्त ठिपक्यापुरता इअरबड.

दुसऱ्या खेपेला निंबोळी अर्क वापरला. आमच्या भागात पाच टक्के निंबोळी अर्क शेतकऱ्याच्या पोरांना पाठ असतो: पाच किलो निंबोळीची भुकटी, शंभर लिटर पाणी. घरच्यापुरतं पन्नास ग्रॅम भुकटी रात्री पाण्यात भिजत घातली, सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळून लिटरभर केलं. बाटलीतलं कडुनिंबाचं तेल मुद्दाम टाळलं. तेलाचा थर पानावरच्या त्या खवल्यांना बुजवतो, रुपेरी पानावर तर कायमचा डाग राहतो, आणि त्यावर ऊन पडलं की पान भाजतं. अर्क फवारल्यावर तासाभरानं पेला पुन्हा धुऊन काढला.

एक गोष्ट मात्र फार गोंधळात टाकते. मेलेला खवलाही पानावर तसाच चिकटून राहतो. तीन खेपा झाल्या तरी ठिपके दिसत होते आणि मला वाटे काहीच उपयोग झाला नाही. मग मी टाचणी घेऊन एका पानावरचे वीस ठिपके उचकटून बघितले. ओले किती, कोरडे किती. पहिल्या खेपेनंतर वीसात अकरा ओले होते. तिसऱ्यानंतर एक. आणि मधून वर आलेलं नवं पान पूर्ण स्वच्छ. जुन्या पानांकडं बघून काही ठरवू नये, नवं पान काय सांगतं ते बघावं.

इमिडाक्लोप्रिड टाकून मोकळं व्हायचा सल्ला मला दोघांनी दिला. ते झाडात भिनतं, मावा-तुडतुड्यांवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कपाशीत कित्येक वर्षं वापरलंय. पण ही कवचवाली खवले कीड झाडाच्या रसवाहिनीत तोंड घालत नाही, ती पेशी फोडून खाते, त्यामुळं त्या औषधाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. शिवाय घर आहे, गॅलरीत लेकरं खेळतात. २०१७ साली यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून अण्णा शेतातसुद्धा तोंडाला बांधल्याशिवाय पंप उचलत नाहीत. मी चार बाय आठच्या गॅलरीत तसलं काही मारायला तयार नव्हते.

 मानवतजवळ आमचं रान आहे, कपाशी आणि तूर. संक्रांतीनंतर वेचणी उरकली की अण्णा आठ दिवस आमच्याकडं येतात. यंदा आले तेव्हा मी सकाळी एकमियाच्या कुंडीशी उकिडवी बसले होते. कुंडीच्या कडेवरून काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"काय शोधायलीस माय?"

"मुंग्या कुठून येतात ते बघते, अण्णा."

"कुठून येऊ दे. वर चढून कुठं जायल्यात ते बघ."

रांग कुंडीवरून झाडाच्या बुडाशी जात होती आणि सगळ्यांत खालच्या दोन पानांच्या मधे शिरत होती. अण्णांनी ते जुनं पान अंगठ्यानं बाजूला केलं. पेल्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथं पाणी पोचत नाही आणि उजेडही नाही, तिथं कापसाचे चार-पाच पुंजके. अण्णा हसले नाहीत की दचकले नाहीत. "हा पिठ्या ढेकूण," एवढंच म्हणाले. मग एक पुंजका बोटावर घेऊन चिरडला. बोटाला गुलाबीसर ओल लागली.

त्यांना तो ओळखायला भिंग लागलं नाही याला कारण आहे. बीटी कापूस आपल्याकडं २००२ नंतर आला, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी पिठ्या ढेकणानं कपाशीत जो उच्छाद मांडला तो अण्णांनी अंगावर घेतलाय. झाडाचे शेंडे आखडलेले, पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, आणि बांधावरचं गाजरगवत पांढरं झालेलं. "तवा फवारण्या करून करून दमलो," ते सांगत होते. "पंप झाला की चार दिवस बरं, पुन्हा तेच. बांधावरचं गाजरगवत उपटून जाळलं तवा कुठं कमी झाला. आन् मग ते बारकं गांधीलमाशीसारखं काय ते आलं, त्यानं आतून खाल्लं त्याला." खरंच, या ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी एक इवलीशी माशी असते. तिनं गाठलेला ढेकूण फुगून तपकिरी, कडक होतो. अण्णा म्हणतात, तसे तपकिरी दाणे शेंड्यावर दिसायला लागले की त्यांनी पंप ठेवून दिला.

माझ्या कुंडीतला ढेकूण कपाशीवरचाच होता असं नाही, या कुळात जाती पुष्कळ आहेत, अननसावरचा वेगळा, सीताफळावरचा वेगळा. पण वागणं तेच. रस पितो, गोड चिकटा सोडतो, तो चिकटा मुंग्या खातात, आणि बदल्यात त्याला जपतात, त्याच्या वैऱ्यांना हाकलतात, पिल्लं उचलून दुसऱ्या पानावर नेऊन ठेवतात. ओळखायची आणखी एक खूण मला इथं मिळाली. काळ्या ठिपक्यांवर मुंग्या कधीच नव्हत्या, कारण कवचवाली खवले कीड चिकटा सोडत नाही. मुंग्यांची रांग दिसली, पान बोटाला चिकट लागलं, तर ठिपक्यांकडं बघत बसायचं नाही, बेचक्यात कापूस शोधायचा.

मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणलं. आधी एका खालच्या पानाच्या कोपऱ्यावर लावून दोन दिवस थांबले, पान भाजलं नाही. मग इअरबड बुडवून एकेका पुंजक्याला टेकवला. चोळायचं नाही, टेकवायचं. स्पिरिट लागताच वरचं मेण विरतं, पांढरा पुंजका एका क्षणात ओला, नारिंगीसर होतो आणि खाली किडा उघडा पडतो. मग तो काडीवर उचलून घ्यायचा. कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असू शकतात, म्हणून ते इअरबड कचऱ्याच्या डब्यात न टाकता अण्णांनी वाटीतल्या साबणाच्या पाण्यात टाकायला लावले. संध्याकाळी झाड पाण्यानं धुतलं. नवव्या दिवशी पुन्हा, अठराव्या दिवशी पुन्हा.

मुंग्यांचा बंदोबस्त अण्णांनी आईच्या पद्धतीनं केला. गावाकडं गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवतात, मुंग्या पाणी ओलांडत नाहीत. तसंच मोठ्या ताटलीत पाणी, मधे पालथी वाटी, वाटीवर कुंडी. पानं भिंतीला किंवा ग्रिलला टेकता कामा नयेत, नाहीतर मुंग्यांना तोच पूल. पाणी रोज बदलायचं.

तरी एकमिया मलूल दिसत होती. दोन आठवड्यांनी मी कुंडी उलटी करून झाड बाहेर काढलं, आणि मुळांच्या जाळ्यात, कुंडीच्या आतल्या भिंतीला, भाताच्या शितावर पीठ भुरभुरावं तसे पांढरे कण. ढेकूण मुळांवरही होता. वरून कितीही पुसलं असतं तरी खालून येतच राहिला असता. सगळी माती पिशवीत बांधून बाहेर टाकली, मुळं नळाखाली धुतली, काळी पडलेली कापली. कुंडी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवली. झाड दोन दिवस तसंच उघड्या मुळांचं सावलीत, वर्तमानपत्रावर. दुसऱ्या कुठल्या झाडाला मी हे केलं नसतं. यांची मुळं धरून ठेवण्यापुरती, पेल्यात पाणी असलं की दोन दिवस ते आरामात काढतात. मग नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, कोळसा आणि थोडं कोकोपीट, यात बसवलं. काळी माती यांना जमत नाही, ती पाणी धरून बसते आणि बूड कुजतं.

अण्णा गेले तेव्हा वर्टिसिलियमची पुडीही देऊन गेले. ही किडीला मारणारी बुरशी, जैविक औषध म्हणून मिळते. पण तिला हवेत ओल लागते. आमच्याकडच्या फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात तिचा उपयोग नव्हता. ती मी श्रावणात वापरली, संध्याकाळच्या वेळी, पावसाची झड लागली होती तेव्हा.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. मेमध्ये पारा त्रेचाळीसला गेला आणि निओरेगेलियाच्या पानांच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकासारखे फिके ठिपके, पान गंजल्यासारखं. पांढरा कागद खाली धरून पान टिचकीनं झटकलं. कागदावर पडलेली तांबूस धूळ चालायला लागली. लाल कोळी. हा किडा नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्याच गोतातला, त्यामुळं किड्यांवरची बरीच औषधं याच्यावर चालत नाहीत. काही औषधांनी तर तो वाढतो, कारण त्याला खाणारे मरतात. अण्णा फोनवर गंधक म्हणाले. पण चाळीसच्या वर गंधकानं पान भाजतं हे त्यांनाच आठवलं आणि त्यांनीच नको म्हटलं. मग दर एक दिवसाआड सकाळी पानांचा खालचा भाग पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं धुतला, झाड ग्रिलपासून आत घेतलं, कुंड्या जवळ जवळ आणल्या, मधे ओलं पोतं पसरलं. तीन आठवड्यांत थांबला. कोळ्याला कोरडेपणा आवडतो, तो काढून घेतला की त्याचं बळ जातं.

आणि डास. जुलैत आशाताई डेंग्यूच्या पाहणीला आल्या. टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे बघून झाल्यावर मीच त्यांना झाडाचा पेला दाखवला. त्यांनी टॉर्च मारली. आत दोन अळ्या वळवळत होत्या. मला फार वाईट वाटलं, घरात लहान मुलं आहेत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तो नियम आता या पेल्यालाही आहे. दर चौथ्या दिवशी झाड आडवं करून सगळं पाणी बादलीत, आणि नवं पाणी. रॉकेल किंवा तेलाचे थेंब टाकायचा सल्ला मिळतो, तो इथं अजिबात ऐकायचा नाही. मराठवाड्यात पाणी ओतून द्यायला हात धजत नाही, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून ते बादलीतलं पाणी लगेच तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या मातीत जातं. मातीत अळी जगत नाही.

एकमियाला श्रावणात गुलाबी तुरा आला. एवढं सगळं सोसून आला याचं मला फार अप्रूप वाटलं, सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. ही झाडं एकदाच फुलतात. फुलून गेली की आई हळूहळू वाळते आणि बुडाला पिल्लं फुटतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झाल्यावर मी ते धारदार सुरीनं वेगळं केलं, काप दोन दिवस सुकू दिला. लावायच्या आधी त्याच्या प्रत्येक बेचक्यात भिंग लावून बघितलं. भिंग आता माझं स्वतःचं आहे.

गेल्या आठवड्यात भावानं आणखी एक ग्युझमानिया आणलीय. ती बाथरूमच्या उत्तरेच्या खिडकीत एकटी ठेवलीय, महिनाभर तिथंच राहील. रोज रात्री लेकरं झोपली की टॉर्च आणि टाचणी घेऊन जाते. काल तिसऱ्या पानाच्या बुडाशी एक काळा ठिपका होता. टाचणीनं उचकटला. कोरडा निघाला. आज पुन्हा तिथंच बघायचंय.